इन्शाअल्लाह, उद्या पाठवतो

डिसेंबरच्या अंकात याच सदरात आम्ही जाता जाता एक वाक्य लिहिले होते. आमच्या परिचयाचे एक प्रकाशक आहेत, त्यांना उर्दूतली मुलांची पुस्तके मराठीत आणायची आहेत आणि दोन्ही भाषा नीट येणारी माणसे काही केल्या मिळत नाहीत, एवढेच ते वाक्य. लेखाचा विषय वेगळाच होता. पण अंक घरोघरी पोहोचला आणि संपादकांकडून आमचा नंबर घेऊन आठवडाभरात एकोणीस जणांचे निरोप आले. आमच्या कुठल्याही लेखाला एवढी पत्रे आलेली नाहीत. आपल्या घराघरांत लिहिण्याचे काम शोधणारी माणसे किती आहेत, हे तेव्हा कळले. डी.एड. करून भरतीची वाट पाहणारी मुले, लग्नानंतर ज्यांची वही बंद झाली अशा सुना, दोन निवृत्त शिक्षक, एक मौलवीसाहेब, आणि रिक्षा चालवणारे एक गृहस्थ, ज्यांची उर्दू आमच्याहून सरस निघाली.

त्या एकोणीस जणांचे पुढे काय झाले ते सांगतो.

पहिला निरोप होता, "काम आहे का?" बस्स, तीन शब्द. ना सलाम, ना नाव, ना गाव. एकाने चार मिनिटांचा आवाजी निरोप पाठवला, त्यातली तीन मिनिटे मागे मिक्सर चालू होता. एका मुलीने बायोडाटा पाठवला, त्यात उंची होती, रंग होता, रक्तगट होता आणि मामांचे गावही होते. लग्नासाठी केलेला कागदच तिने पुढे सरकवला होता. आम्ही आधी हसलो, मग जरा ओशाळलो. तिला दुसरा कागद करायला आम्ही शाळेत शिकवलेच कुठे? पत्रलेखनाच्या तासाला आम्ही अजून "आपला आज्ञाधारक"च लिहून घेतो.

सगळ्यांना आम्ही सारखेच उत्तर दिले. एका उर्दू गोष्टीचे दीड पान पाठवले. चार दिवसांत मराठी करून द्या, जमणार नसेल तर तसे कळवा, म्हटले. प्रकाशकांना देण्याआधी हात पाहून घ्यावा, एवढाच हेतू होता.

एकोणीसपैकी बारा जणांनी "हो" म्हटले. सात जणांकडून पाने परत आली. चार दिवसांच्या आत आलेली तीन.

त्या तिघांपैकी एकाचे काम दहा मिनिटांत आले होते. दीड पान दहा मिनिटांत कुणी वाचूनही होत नाही, म्हणून आम्ही लक्ष देऊन पाहिले. मूळ गोष्टीत एक मुलगा सांगतो, की माझ्या दादांनी माझ्या तालीमसाठी शेत विकले. आता उर्दूत दादा म्हणजे वडिलांचे वडील आणि तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत आलेल्या पानात मोठ्या भावाने धाकट्याला आखाड्यात घालण्यासाठी शेत विकले होते. पुढे चोर "नऊ दोन अकरा झाला" होता, आणि आजीचे हृदय "बाग बाग" झाले होते. मराठीत चोर पोबारा करतो, हे त्या भावाला ठाऊक नसेल असे नाही. फोनमधल्या यंत्राने जे ओतले ते त्याने वाचलेच नव्हते. यंत्राची मदत घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही, आम्हीही शब्दकोश फोनवरच पाहतो. पण पाठवण्यापूर्वी एकदा तरी वाचावे. न वाचता पाठवलेल्या पानाखाली आपले नाव असते, हे विसरता कामा नये.

दुसरे पान एका गृहिणीचे. दोन मुले, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तिने तिसऱ्या दिवशी पान पाठवले आणि सोबत दोन ओळी. "दादा हा शब्द आजोबा असा घेतला आहे. एका शब्दाचा अर्थ लागला नाही, त्याखाली रेघ मारली आहे, माफ करा." तिची मराठी साधी, वाक्ये आखूड, कुठे कुठे अडखळणारी. पण त्या रेघेने आमचे मन जिंकले. न येणारा शब्द झाकून ठेवणारे पुष्कळ भेटतात, रेघ मारणारे फार थोडे.

तिसऱ्याबद्दल विशेष काही नाही, ठीक होते.

आता त्या मुलाचे सांगतो ज्याच्यामुळे हा लेख लिहावा लागला. त्याचे पान आठव्या दिवशी आले, म्हणजे दुप्पट वेळाने, आणि मध्ये आम्ही दोनदा विचारले तेव्हा दोन्ही वेळा एकच उत्तर, "इन्शाअल्लाह, उद्या पाठवतो." पण पान उघडले आणि आम्ही उशीर विसरलो. काय मराठी होती! मुलांच्या कानाला रुचेल अशी, कोकणातल्या पोरांच्या बोलण्यासारखी चटपटीत, आणि मूळ उर्दूचा गोडवा कुठेही सांडलेला नाही. आम्ही तेच पान स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवले. त्या संध्याकाळी प्रकाशकांना फोन केला आणि म्हटले, 48 पानांचे पुस्तक या मुलाला द्या, आमची जबाबदारी.

इथे चूक आमची झाली, त्याची नव्हे. जो दीड पानाला आठ दिवस घेतो आणि विचारल्याशिवाय काही कळवत नाही, त्याने आपली रीत आपल्याला दाखवून दिलेली असते. भाषेच्या मोहात आम्ही ती पाहिली नाही.

पंचवीस दिवसांची मुदत होती. पुस्तक जूनमध्ये शाळा उघडण्याआधी छापून व्हायचे होते, चित्रकाराची चित्रे तयार होती, छापखान्यात कागद येऊन पडला होता. पंधराव्या दिवशी विचारले. "निम्मे झाले, मॅडम." बाविसाव्या दिवशी, "इन्शाअल्लाह, परवा." सव्विसाव्या दिवशी फोन बंद. निरोपांना उत्तर नाही. प्रकाशक वयाने आमच्याहून मोठे असून आम्हाला आपा म्हणतात. ते एवढेच म्हणाले, "आपा, तुमच्या शब्दावर दिले होते." एवढे पुरे होते. दहावीच्या पेपर तपासणीचे गठ्ठे बाजूला ठेवून आम्ही रात्री अकरा ते दोन बसून ते पुस्तक स्वतः केले. ते त्याच्यासारखे झाले नाही. मुले वाचतील, हसतील, पण त्याच्या हातून जे झाले असते ते झाले नाही.

आमचे नाना मुंबईला कातिब होते. आज ज्यांचे वय तीस आहे त्यांना हा शब्द सांगावा लागतो. संगणकावर उर्दूची नस्तालीक लिपी यायच्या आधी उर्दू अखबार आणि पुस्तके माणसे हाताने लिहीत. पिवळ्या मसाल्याच्या कागदावर खास शाईने लिहायचे, तो कागद दगडावर दाबायचा, अक्षरे दगडावर उलटी उमटायची आणि मग छपाई. कातिबाच्या हातून चूक झाली तर संगसाज नावाचा कारागीर ती दगडावर उलट्या अक्षरांत लिहून दुरुस्त करी. पगार नव्हता, जितकी पाने तितका मोबदला. आजच्या भाषेत नाना फ्रीलान्सरच होते.

अम्मी एक आठवण नेहमी सांगते. एकदा नानांना रात्री सणकून ताप भरला. दुसऱ्या दिवशी एका पुस्तकाचा शेवटचा भाग द्यायचा होता. फजरची नमाज बसून पढले आणि मोठ्या मामूंना झोपेतून उठवून छापखान्यात पिटाळले. निरोप काय, तर "आज माझ्याच्याने कलम धरवत नाही, दुसरा माणूस बसवा, लिहिलेली पाने पोराबरोबर पाठवली आहेत." नानी चिडली, ताप उतरेपर्यंत थांबायचे होते, कशाला आपल्या ताटातली भाकरी दुसऱ्याला द्यायची? नाना म्हणाले, मी गप्प राहिलो तर दुपारपर्यंत ते माझी वाट पाहतील आणि संध्याकाळी दोघांचेही काम बुडेल. त्या दिवसाचे पैसे दुसऱ्या कातिबाला मिळाले. 1994 नंतर इनपेज आले आणि नानांची कला हळूहळू कुणाला लागेनाशी झाली. दौत मात्र आमच्याकडे आहे.

काम होणार नाही ही बातमी वेळेवर देणे, हाही कामाचाच भाग आहे. नव्या मुलांना नेमके हेच कुणी सांगत नाही. त्यांना वाटते, नाही म्हटले तर पुन्हा विचारणार नाहीत. उलट आहे. आजारपण, बाळंतपण, परीक्षा, घरातले मयत, हे सगळे छापखानेवाल्यालाही असते, तो समजून घेतो. मौन मात्र त्याला समजून घेता येत नाही, कारण मौनात त्याला काहीच ठरवता येत नाही.

आणि आपल्या या "इन्शाअल्लाह"चे काय करायचे? कुरआनच्या सूरह कहफमध्ये शिकवण आहे, की मी उद्या अमुक करीन असे अल्लाहच्या इच्छेचा उल्लेख केल्यावाचून म्हणू नका. म्हणजे ज्याने करायचे पक्के ठरवले आहे त्याने नम्रतेने जोडायचा तो शब्द. आपण त्याचे काय केले? आमच्या वर्गात पोरगा म्हणतो, "गृहपाठ इन्शाअल्लाह उद्या," आणि सगळा वर्ग हसतो, कारण त्याचा अर्थ "नाही" असा होतो हे सहावीच्या मुलांनाही ठाऊक आहे. अल्लाहचे नाव टाळाटाळीच्या पोत्यावर शिक्क्यासारखे मारायचे, याची आम्हाला भीती वाटते. याच कुरआनची सर्वांत मोठी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, आणि तीत लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, लिहायला नकार देऊ नये, असेही सांगितले आहे. सूरह बकरातली 282वी. आपल्या घरात ती किती वेळा पढली जाते आणि किती वेळा पाळली जाते!

उपदेश करायला आम्ही मोकळे, पण आमच्या पदरातही एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. बी.एड. होऊन नोकरी नवी होती. एका वयस्क संपादकांनी शालेय शब्दसंग्रहाचे काम दिले, उर्दू शब्द, समोर मराठी अर्थ. (मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेतली होती. शिक्षक असणाऱ्यांनी हे विसरू नये, आणि शिकवणीचा तर विचारही करू नये, शिक्षणहक्क कायद्याच्या 28व्या कलमाने शिक्षकाला खासगी शिकवणी बंद आहे.) मुदत संपली, काम अर्धेच होते. फोन आला तेव्हा तोंडातून निघून गेले, "सर, कालच कुरियर केले." खोटे होते ते. आम्हाला वाटले, तीन दिवसांत पुरे करू आणि खरोखरच कुरियर करू, कुणाला काय कळणार. पाचव्या दिवशी पाकीट पाठवले. पोहोचल्यावर त्यांचा फोन आला, आवाज थकलेला. ते म्हणाले, "मी दोनदा कुरियरच्या ऑफिसात जाऊन आलो, त्या पोरांना बोललोसुद्धा. त्यांची चूक नव्हती बहुतेक." आणखी काही म्हणाले नाहीत. पैसे पुरे पाठवले. पुन्हा काम दिले नाही. सत्तरीच्या माणसाचे ते दोन हेलपाटे आम्हाला अजून आठवतात, म्हणून त्या मुलावर रागावताना आमचा आवाज फार चढला नाही.

नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती लपवली तर अन्याय होईल. काम देणारे सगळे आमच्या प्रकाशकांसारखे नसतात. एका नियतकालिकासाठी आम्ही साठ पाने केली होती. पैशांचे विचारले की कधी हिशेबनीस रजेवर, कधी चेकवर सहीचे साहेब गावी. वर्षभराने आम्हीच विचारणे सोडले. हे दुखणे जुने आहे. 1850 साली बहादुरशाह जफर यांनी मिर्झा गालिब यांना तैमूरी घराण्याचा इतिहास फारसीत लिहायचे काम दिले, वर्षाला सहाशे रुपये. ते सहा सहा महिन्यांनी हाती पडत, तोवर सावकाराचे व्याज चढे. शेवटी त्यांनी पगार दरमहा मिळावा म्हणून कवितेतच अर्ज केला. आणि गंमत अशी, की दोन भागांच्या त्या इतिहासाचा पहिला भागच झाला, दुसरा कधी लिहिला गेला नाही. गालिब होते म्हणून चालले. आपण गालिब नाही.

तेव्हा ज्यांनी आम्हाला लिहिले आणि जे अजून लिहिणार आहेत, त्यांच्यासाठी काही कामाच्या गोष्टी.

निरोप आखूड असावा, पण पुरा. नाव, गाव, कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत, आठवड्याला किती पाने होतील, आणि नमुन्याचे एक पान. शिक्षण किती यापेक्षा ते पान जास्त बोलते. आठवड्याला किती पाने हे मात्र मनाने सांगू नका. एका संध्याकाळी घड्याळ लावून बसा. पोरांचा अभ्यास, स्वयंपाक, पाहुणे हे सगळे धरून खरोखर किती होते ते पाहा. त्या गृहिणीने हे केले होते. ती म्हणाली, "दिवसाला पाऊण पान, शुक्रवारी नाही." प्रकाशकांनी त्यावरून तारीख काढली आणि ती चुकली नाही.

काम घेतानाच विचारून घ्या, मोबदला शब्दाला की पानाला, आणि पान म्हणजे उर्दूचे की मराठीचे. पानात शब्द किती धरायचे, हेही आधी ठरू द्या. नस्तालीकच्या गच्च भरलेल्या एका पानाची मराठीत दीड-दोन पाने सहज होतात. टायपिंग युनिकोडमध्ये हवे की श्रीलिपीत, हेही. एका भल्या माणसाने आम्हाला वीस पाने अशा फॉन्टमध्ये पाठवली, की उघडल्यावर नुसती चिन्हे दिसत होती. मेहनत त्याची, पण कुणाच्या उपयोगाची नाही. विचारायला लाज वाटते, "पैशांचे बोललो तर काय म्हणतील" असे आपल्या मुलींना विशेष वाटते. जे ठरले ते दोन ओळींत लिहून व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि "ठीक आहे" एवढे उत्तर येऊ द्या. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही.

हक्काचे थोडे ठाऊक असावे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखनाचा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, आणि किती वर्षांसाठी हे त्या कागदावर नसेल तर तो पाच वर्षांसाठीच दिला असे धरले जाते. म्हणून समोर आलेला कागद वाचूनच सही करा. तसेच दुसऱ्याच्या पुस्तकाचा अनुवाद छापायचा तर मूळ लेखकाची, किंवा त्याच्या वारसांची, परवानगी लागते. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क राहतो. "इंटरनेटवर मिळाले" ही परवानगी नव्हे. एका उत्साही मुलाने कुठल्याशा पाकिस्तानी लेखिकेची गोष्ट करून आणली, छान केली होती, पण लेखिका हयात आणि कुणी विचारलेले नाही. ती छापता आली नाही.

आता त्या फोन बंद केलेल्या मुलाकडे येतो. पुस्तक छापून झाल्यावर मे महिन्यात त्याच्या अम्मींचा फोन आला. त्यांना काही ठाऊक नव्हते, त्या कामाच्या शोधातच होत्या. "आमचा मुलगा चांगले लिहितो, तुमच्या मासिकात वाचले होते, काही काम असेल तर बघा ना टीचर." आम्ही क्षणभर गप्प झालो. मग म्हटले, त्याला एकदा आमच्याकडे पाठवा.

तो आला. खाली मान. चहा समोर निवत गेला. बऱ्याच वेळाने बोलला. अकराव्या पानावर एक कोडे होते, उर्दू अक्षरांच्या नुक्त्यांवर रचलेले, एक ठिपका वर गेला की शब्दाचा अर्थ बदलतो असे. ते मराठीत होईना. तीन दिवस तो त्यावरच बसला, मग चार दिवस फाइल उघडलीच नाही, मग तुमचा निरोप आला आणि "निम्मे झाले" म्हणून गेलो, आणि त्यानंतर खरे सांगायचे तोंडच राहिले नाही, असे तो म्हणाला. आम्ही त्याला विचारले, तेव्हाच फोन का नाही केलास? तेच कोडे आम्हालाही सुटले नव्हते, आम्ही ते काढून त्या जागी मराठीतले दुसरे कोडे घातले, प्रकाशकांना विचारून, पाच मिनिटांत. तो आमच्याकडे पाहतच राहिला. "असे चालते?" म्हणाला.

आळशी नव्हता तो. लाज त्याला खाऊन बसली होती. तरी प्रकाशकांचा वेळ आणि आमचा शब्द गेला तो गेलाच, हेही आम्ही त्याला स्पष्ट सांगितले. 48 पानांचे पुस्तक आता आम्ही त्याला देववू शकत नाही. दोन पाने दिली, आमच्या शाळेच्या भित्तिपत्रकासाठी, मोबदला आमच्या खिशातून. गुरुवार, दुपारी चार वाजता हवीत.

बुधवारी रात्री त्याचा निरोप आला. "मॅडम, उद्या चारला होणार नाही. एक पान झाले आहे, सोबत पाठवतो. दुसरे शुक्रवारी, जुम्यानंतर." एका शब्दाखाली रेघ होती.

शुक्रवारी पाच वाजले तरी काही आले नव्हते. साडेसहाला आले.